राखेचं घमेलं

दारव्ह्याच्या रस्त्याला, कॅनॉलच्या अलीकडे
तीन हजार पिलांचं शेड माझ्या हवाली.
खाली गोंदियाकडून आलेलं भाताचं तूस,
वर पिवळे बल्ब, रात्रीलाही झोपू न देणारे,
आणि दाराशी खिळ्याला लटकलेलं रजिस्टर:
दाणा किती गेला, वजन किती भरलं, मेले किती.
तीन रकाने. चौथा नाही.

पिलं मशीनमधून निघालेली.
ऊन ठाऊक नाही, किडा ठाऊक नाही,
आईच्या पोटाखालचा अंधार तर नाहीच.
डब्यापासून निपलपर्यंत, निपलपासून डब्यापर्यंत
एवढीच येरझार.
अठराव्या दिवशी पाहिलं तर तेवढीही नव्हती.
जागच्या जागी बसलेली सगळी,
छातीखालचं तूस ओलं, चोची उघड्या.

घरी माझी एक गावरान आहे, एका डोळ्यानं अधू.
ती दुपारी चुलीमागच्या राखेत
अशी काही लोळते की विचारू नका.
पंख पसरते, राख अंगात घुसळून घेते,
उरलेला डोळाही मिटते.
मग उठते, झाडते,
आणि नवं लुगडं नेसल्यासारखी अंगणातून जाते.

तिच्याकडे पाहता पाहता म्हटलं, पाहू तर खरं.

घमेलंभर राख नेली, चाळलेली माती मिसळून.
तुराट्यांची मोळी आडवी बांधली, वीतभर उंच.
एक पत्ताकोबी सुतळीनं टांगली,
चोच मारली की हलेल अशी.

पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही.
गावात नवं बिऱ्हाड आलं की जसं होतं,
सगळे लांबून पाहतात, पाणी कोणी विचारत नाही.
दुसऱ्या दिवशी एक पिलू घमेल्याच्या काठावर चढलं,
घसरलं, राखेत पडलं,
आणि पडल्या पडल्या
त्यानं पंख पसरले.

कोणी शिकवलं?
मी दाण्याचं पोतं खांद्यावर घेऊन
तशीच उभी.

कंपनीचा निंभोरकर आला, नाकावर रुमाल.
"काऊन वं प्रमिलाबाई, भाजीचं दुकान लावतं का अथी?"
"थे खेळतेत, साहेब."
"खेळून वजन भरते का?"
"मले का मालूम."
त्यानं दोन पिलं उचलली, उलटी केली,
तळपाय अंगठ्यानं दाबून पाहिले,
तुराटीजवळची दोन, मग कोपऱ्यातली दोन.
काही बोलला नाही.
काढून टाक, असंही नाही.
रजिस्टरवर सही केली आणि गाडीला किक मारली.

मी म्हणत नाही, ती सुखी झाली.
सुख मला माझंही धड मोजता येत नाही.
पण रात्री दोनला पडदे सोडायला गेले
तर तुराटीवर सात-आठ जणी, रांगेनं,
माना आत ओढून,
झाडावर बसल्यासारख्या.
झाड त्यांच्यातल्या एकीनंही पाहिलेलं नाही.

एकेचाळिसाव्या रात्री गाडी आली.
पोरं पायांना धरून चार-चार उचलत होती,
कॅरेट भरत होती, बिडी तोंडातच.
एकीनं तुराटी सोडली नाही.
"वढ, तुटते," भिवसन म्हणाला.
मी वाकले.
बोटं एकेक करून सोडवली,
पुढची तीन, मागचं एक.
शेवटचं सुटलं तेव्हा
तिनं माझं बोट धरलं.

किती वेळ, सांगता यायचं नाही.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मग शेड धुतलं. चुना मारला.
जुनं सगळं जाळायचं, असा नियम आहे.
तुराट्या कोरड्या होत्या, भसकन पेटल्या.
राख निवल्यावर चाळून
घमेल्यात भरून ठेवली आहे.

पुढची पिलं सोमवारी.