एकेचाळिसावी ओळ

मे महिना. गोळीबार चौकामागे
विणकर सोसायटीचं हापिस.
कूलरमधलं पाणी कधीचं संपलेलं,
फिरतोय नुसता पंखा आणि वाळ्याचा जुना वास.
शालिक निमजेंनी काळ्या पडद्यावर बोट ठेवलं:
"काहून जी, हे कोणत्या मुलखातले लोक होत?"

यादी सभासदांची. तीनशे बारा नावं.
पण जिकडे पाहावं तिकडे
डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला रोमन ए,
त्याच्या पाठीमागे चार पायांचं एक नाणं
जे कोणत्याच देशात चालत नाही,
मधूनच जपानी येन.

मी म्हटलं, घाबरू नका,
मोडलेलं नाही, चुकीचं वाचलेलं आहे.
मराठीचं एकेक अक्षर इथे तीन तुकड्यांचं,
आणि हा बाबा प्रत्येक तुकड्याला
अख्खं अक्षर समजतोय.
वशारन गुंडाळायच्या आधीच
सुताचा धागा धागा मोजून
"लुगडं कुठाय?" विचारावं, तसं.

टर्मिनलच्या सेटिंगमध्ये गेले.
यूटीएफ-आठ.
नाणी गेली. आता चौकोन,
रिकामे, एकाला एक लागून,
दुपारच्या इतवारीतली पाडलेली शटरं.
"हे तं अजून बिघडलं," निमजे.
नाही, सुधारलं.
कोण आलंय ते आता त्याला कळलंय,
फक्त बसायला द्यायला पाट नाही.

फॉन्ट माझ्या पेनड्राइव्हवर होता.

मग एकेक जण दिसू लागले:
नंदनवार, धापोडकर, बारापात्रे.
वेलांट्या जरा मागे राहिलेल्या,
अनुस्वार शेजाऱ्याच्या डोक्यावर,
तरी ओळख पटण्याइतके.
अठराव्या ओळीत चंद्रभान निनावे.
निमजे एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला:
"निनाव्याले नाव भेटलं, बाप्पा!"

एकेचाळिसाव्या ओळीत प्रश्नचिन्हं.
सहा. मोकळी जागा. पाच.

खिडकी मोठी केली, फॉन्ट बदलला,
सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.
शेवटी फाइलच्या पोटात उतरले, नुसत्या आकड्यांत.
बाकीच्यांच्या खाली ई-शून्य, ए-चार,
ई-शून्य, ए-चार, एका लयीत,
हिच्या खाली तीन-एफ, तीन-एफ, तीन-एफ.
म्हणजे हे प्रश्नचिन्ह
दिसणारं नव्हतं, असणारं होतं.
कुणीतरी कधीतरी
हीच एक ओळ दुरुस्त करायला घेतली असणार,
मराठी न येणाऱ्या एखाद्या यंत्रावर,
आणि वर "सेव्ह" म्हटलं असणार.

निमजे बोटांवर काना-मात्रा मोजत बसले.
"सुगंधा हेडाऊ. सहा आन् पाच."
मग थांबले.
"पारबता पराते. तेही सहा आन् पाच."
दोघी तांडापेठेतल्या. दोघींचे माग बंद.
एक पोराकडे भिलाईले गेली म्हणतात,
एक गेली.
कोणती, ते त्यांना आठवेना.

मी बोटं कीबोर्डवरून उचलली.
एक नाव टाकता आलं असतं,
कुणाला कळलंही नसतं.

निमजेंनी डोक्याला दुपट्टा बांधला,
सायकल काढली.
"पुसून येतो. तोवर हे असंच राहू दे."

कर्सर तिथेच होता, पहिल्या चिन्हाखाली,
लुकलुकत.
बाहेर सेहेचाळीस अंश.
मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.