सर्वांत मोठी शिल्लक

जिनमती मगदूम चपला दाराबाहेर काढून
लक्ष्मीपुरीतल्या माझ्या ऑफिसात येतात.
बँकेतही काढतात म्हणे.
कापडी पिशवीत सहा पासबुकं, एक कार्ड,
आणि डब्यात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी.

कार्ड त्या पदराच्या टोकानं धरतात,
गरम पातेलं धरावं तसं.
त्यावर लिहिलंय, कायमचा रहिवासी.
"कायमचं कोण असतंय ओ.
आमचे हे होते काय?"

मी सांगतो, मावशी,
लेकीकडं ओहायोत दोन महिने राहा नाहीतर दहा,
कार्ड आहे तोवर
जगात कुठंही जे मिळेल ते तिकडच्या फॉर्मात.
पेन्शन?
लिहायची.
एफडीचं व्याज? त्यावर इथं कापलाय की.
कापलेला वजा मिळेल, पण आधी लिहायचं.
आणि उसाचं बिल?
ते तर माफ असतंय.
इथं माफ, मावशी. तिथं नाही.

त्या पंख्याकडं बघत बसल्या.
"ऊस शिरोळचा, पाणी कृष्णेचं,
टोळी बीडची, काटा कारखान्याचा,
आणि हिशेब त्यांना?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं. रकाना होता.

ऑफिसातला पोरगा कालच जोतिबाहून आलाय,
तो शिवेल त्या कागदाची कड गुलाबी.
दुसरा फॉर्म त्यानंच आणून ठेवला.
याला कर नाही, नुसतं सांगायचं:
प्रत्येक खात्यात, वर्षातल्या एखाद्या दिवशी,
जास्तीत जास्त किती होते.

पतसंस्थेच्या पासबुकाची शाई फिकी.
नऊ ऑगस्ट, अकरा लाख चाळीस हजार.
दहा ऑगस्ट, बाराशे सहा.

मी बोट ठेवलं.
त्यांनी ते बोट हळूच बाजूला केलं.

"नणंदेची वाटणी होती ती.
तीस वर्षं तिची जमीन आम्हीच खाल्ली.
तिनं कधी मागितलं नाही.
हे गेल्यावर सगळ्या एफडी मोडल्या,
एका खात्यात आणल्या, तिला दिल्या.
त्रिशलाला ठाऊक नाही."
मग खालच्या आवाजात,
"आता अमेरिकेला कळणार?"

आकडा कळेल. कारण नाही.
"कारणाला रकाना नाही?"
नाही.
"बरं हाय."

फी त्रिशलाच पाठवते दरवर्षी,
आणि सगळ्याची प्रत मागते.
हे मी बोललो नाही. मावशीही.

डिसेंबरअखेरचा भाव लावला, भागाकार केला,
तेरा हजार चारशे अकरा आणि वर थोडं.
पूर्णांक वरचा धरायचा, असा नियम.
तेरा हजार चारशे बारा.
एका रात्रीपुरती एवढी श्रीमंत बाई
माझ्यासमोर चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होती.

सही केली, मोडीसारखी तिरकी.
पुढच्या वर्षी परत?
परत.

डबा रिकामा द्यायचा नसतो.
साखर शोधली, ऑफिसात कुठली असणार.
पोचपावतीची घडी घातली, आत ठेवली,
झाकण लावलं.