वारा बदलता, दोन नॉट

सव्वासहाला वारं पडतं चिकलठाण्याला.
एमआयडीसीतल्या चिमणीचा धूर सरळ वर जातो
आणि वर गेल्यावर, विचार बदलल्यासारखा, पसरतो.
विंडसॉक खांबाला नुसता लटकलेला:
दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्याचा एकच पाय.

धावपट्टी एक. नावं दोन.
पश्चिमेच्या टोकाने शिरलं तर शून्य-नऊ,
पूर्वेच्या टोकाने शिरलं तर सत्तावीस.
डांबर तेच, चाकांचे काळे ओरखडे तेच.

आमच्याकडे म्हणतात, वारा पाहून पाठ द्यावी.
विमानाचं उलटं. वारा पाहून त्याला तोंड द्यावं लागतं.
दहा-बारा नॉटचा असला तर मला काही सुचावंच लागत नाही,
तोच बोट दाखवतो, मी आकडा वाचते.
आज काटा बसायला जागा शोधणाऱ्या मांजरीसारखा फिरतोय:
दोनशेवीस, तीन.
एकशेचाळीस, दोन.
मग नुसतंच, बदलता.

मुबश्शिर परभणीचा, नवा, सगळं वहीत उतरवून घेतो.
"मॅडम, असं असलं की कोणती द्यायची, हे कुठं लिहिलंय?"
लिहिलंय थोडं.
बाकीचं टाकसांडे साहेबांनी चहा फुंकत सांगितलेलं:
कोण कुठून येतंय, कुणाला किती वळसा पडतो,
ऊन कुणाच्या डोळ्यांत जातंय,
आणि हो, वैमानिकाचा आवाज दमलाय का तेही ऐकायचं.

मुंबईचं पश्चिमेकडून आलं, त्याला शून्य-नऊ.
सरळ आत, ऊन पाठीवर. काही सांगण्यासारखं नाही.

हैदराबादचं पूर्वेकडून, आठ मैलांवर.
"टॉवर, सत्तावीस मिळेल का?" बाईचा आवाज.
"मिळेल. सूर्य समोर आहे."
"दिसतोय. त्याला काय करणार."
मुबश्शिर हसला. मीही, बटण सोडून.

आई खळ्यावर तिवईवर उभी राहायची, सूप डोक्याच्या वर.
वारं पडलं की मूठभर भूस सोडून बघायची.
ते तिच्याच पायांवर पडलं की उतरायची,
तांब्याभर पाणी प्यायची, पाय पसरून बसायची.
वाऱ्याला घाई नाही तर मला कशाला, म्हणायची.

मीही उंचावरच असते.
पण या तिवईवरून उतरता येत नाही,
सूप उचललेलंच असतं
आणि त्यात आत्ता एकशेबेचाळीस माणसं.

दोन मैलांवर असताना काटा जागा झाला.
शून्य-नऊ-शून्य, चार. म्हणजे तिच्या पाठीमागून.
चार म्हणजे काही नाही. मर्यादेच्या कितीतरी आत.
तरी मी आकडा सांगितला, जरा सावकाश.
एक क्षण नुसती खरखर.
"कळलं. उतरतेय."

विमान पट्टीवर नेहमीपेक्षा थोडं जास्त रेंगाळलं,
पाहुण्याने चपला घालूनही उंबऱ्यात बोलत राहावं तसं.
चाकं ओरखड्यांच्या पुढे टेकली.
नेहमीच्या वळणावर वळलं नाही,
टोकापर्यंत गेलं, हळूच फिरलं, परत आलं.
एवढंच झालं.
आत कुणाला कळलंही नसेल, एखादं लेकरू सोडून.

नोंदवहीत मी 'शांत' लिहिलं नाही. चार लिहिलं, दिशेसकट.
मुबश्शिरने ते पाहिलं, विचारायला तोंड उघडलं,
मिटलं, आणि बाहेर गॅलरीत गेला.
हातात भाजलेल्या शेंगा होत्या त्याच्या.
शेंगदाण्याची लालसर सालं तळहातावर चोळली
आणि तळहात तसाच उलटा केला.

सगळी त्याच्या बुटावर पडली.
एक तेवढं गजापर्यंत गेलं, तिथं थबकलं,
आणि आत, माझ्याकडे आलं.

काचेतून त्याने माझ्याकडे पाहिलं.
"लिही," मी म्हटलं. "बदलता. दोन."