भिजत घोंगडी

डनीडनच्या चढावरचं आमचं घर
जूनमध्ये आतून बाहेरइतकंच गार.
खिडकीच्या चौकटीत काळी बुरशी.
मी पुसते, ती परत येते,
नणंदेसारखी, न कळवता.

सोफ्यामागे पिशव्या आहेत.
किती, ते विचारू नका.
ग्रेमने एकदा विचारलं होतं,
त्या दिवशी त्याने स्वतःच अंडी उकडून घेतली.

कॅलमचा स्वेटर काखेपर्यंत आला होता
तेव्हा कॅलम चौदाचा होता.
आता तो इन्व्हरकार्गिलला ट्रकची इंजिनं उघडतो,
दाढी ठेवतो, मोजून तीन मिनिटं फोनवर बोलतो.
स्वेटर अजून चौदाचाच आहे.
त्याच पिशवीत तळाशी एक मोजा.
दुसऱ्याची लोकर आणायला गेले
तर दुकानातली बाई म्हणाली, हा रंग बंद झाला.
मोज्याला काय सांगू?

आणि कपडे धुण्याच्या खोलीतला नळ.
दोन सुलटे, दोन उलटे, टप्.
दोन सुलटे, दोन, टप्,
किती झाले?
उसव. पुन्हा घाल.
प्लंबर म्हणाला होता गुरुवारी येतो.
कुठल्या गुरुवारी ते मी विचारायचं राहिलं.

मोजपट्टी गॅरेजमध्ये, कारण ग्रेमला मासा मोजायचा होता.
कात्री नाहीच.
स्वयंपाकघरातला खण उलथनं आडवं पडून अडकलाय,
बोट घालून, सुई घालून पाहिलं,
सुई वाकली. पाच नंबरची. बांबूची नव्हे, चांगली.
मांजर नमुन्याच्या कागदावर झोपलंय,
नेमकं तिथे जिथे बाही घटवायची आहे.
कचऱ्याची पिवळी पेटी या आठवड्यात की निळी,
हे अख्ख्या गल्लीत फक्त शेजारच्या ऑड्रीला ठाऊक,
आणि ती सांगताना उपकार करते.

एक पिशवी मी उघडत नाही.
ती आईची.
टाके सुईवर तसेच आहेत,
ओळ अर्ध्यात थांबलेली,
चहा ठेवायला उठावं तशी.
तिची वीण घट्ट, माझी सैल.
पुढे मी विणलं तर सांधा दिसेल.

रात्री दोन वाजता उठले. टप्.
जी हाताला लागली ती लोकर घेतली, मोहरीच्या रंगाची,
एक टोक नळाला बांधलं,
दुसरं खाली कुंडात सोडलं.
पाणी धाग्यावरून गुपचूप उतरू लागलं.
एवढंच हवं होतं त्याला, धरायला काहीतरी.
थंड फरशीवर अनवाणी उभी राहून
मी बराच वेळ ते बघत होते.
वर ग्रेम घोरत होता.
त्याला धागा कुठे बांधणार?

तिसऱ्या गुरुवारी राविरी आला.
पोरगेलासा, कान थंडीने लाल, डोक्यावर काही नाही.
धागा पाहून हसला नाही.
म्हणाला, माझी आजीही असंच करायची,
आणि मग त्या धाग्याला पुरे चार महिने सुट्टी नसायची.
वॉशर बदलला, सात मिनिटं लागली,
बिल मात्र तासाचं.
जाताना खणातलं उलथनंही काढून दिलं,
फुकट.

मी म्हटलं, थांब जरा.
मोजपट्टी गॅरेजमध्येच होती,
म्हणून तोच ओला मोहरी धागा
त्याच्या कपाळाभोवती फिरवला,
जिथे टोक जुळलं तिथे गाठ मारली.
तो लाजून दाराकडे बघत उभा राहिला.

आता घरात आवाज नाही.
दोन सुलटे, दोन उलटे,
आणि तिथे, जिथे टप् यायचं,
माझा हात अजून थबकतो.
कॅलमचा स्वेटर, मोजा, आईची ओळ,
सगळी घोंगडी भिजतच आहेत.
ग्रेम विचारतो, आणखी एक सुरू केलंस?
टोपी आहे, मी सांगते.
चार दिवसांत होईल.

पिशवी तेवढी एक शोधून दे.