खालून सांगणारी

बुडापेस्टच्या या थिएटरात
रंगमंचाच्या पोटात एक खळगा आहे, प्रॉम्प्टरचा.
त्यात एक स्टूल, हिरव्या काचेचा दिवा, संहिता,
आणि तीस वर्षं मी.

इथून चेहरे नीट दिसत नाहीत.
बूट दिसतात.
तिहामेरची डावी टाच झिजलेली, तो राजा असो की भिकारी.
सिलार्दच्या बुटांवर कायम ताजं पॉलिश.
विदोर दिग्दर्शक. त्याचे बूट मऊ, रबरी तळाचे,
मागून आले तर कळत नाहीत.

काम सोपं आहे माझं.
पुरुष वाक्य विसरतात, मी ते कुजबुजते.
प्रेमाचं, युद्धाचं, पश्चात्तापाचं.
पश्चात्तापाचं जास्त वेळा विसरतात.

चेंगे नोव्हेंबरात आली, मिश्कोल्त्सहून.
बावीस वर्षांची. मला खोकला होता
तर खळग्यात वाकून लिंबं द्यायची.
जानेवारीत, तालीम संपल्यावर,
तिचे पाय डोक्यावरून गेले,
एकात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.
आणि मागून तो न वाजणारा तळ,
सावकाश.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
दहा वीस. खोली नऊ. एकच बूट.
का लिहिलं? सवय.
कोण कुठे थांबला, कुणी कुठे श्वास घेतला,
सगळंच लिहिते मी.

मार्चात तिनं तक्रार केली.
आठवड्यात पत्र निघालं, अकरा सह्यांचं:
आम्ही विदोरला वीस वर्षं ओळखतो,
आम्हाला असं कधीच काही दिसलं नाही.
अकराही जण कॅमेऱ्यापुढे हेच बोलले,
स्वल्पविरामासकट,
आणि एकालाही प्रॉम्प्टिंग लागलं नाही.
जन्मात पहिल्यांदा.

सिलार्दनं सही केली कारण तिहामेरनं केली.
तिहामेरनं केली कारण ओर्शोयाच्या वेळी
विदोरनं त्याच्यासाठी केली होती.
अळीमिळी गुपचिळी,
फक्त खेळणाऱ्यांचे केस पांढरे.

ओर्शोयाच्या वेळी.
त्या पत्राच्या तळाशी, 'इतर कर्मचारी' या रकान्यात,
माझीही सही आहे. निळ्या शाईत.
मुलाच्या दातांना तारा लावायच्या होत्या त्या वर्षी.
हे कारण म्हणून सांगत नाही.
पण तारा लावल्या.

चौकशी समितीत तिघे.
तिघांचेही बूट मी ओळखते.
संहिता मागवून घेतली, सोमवारी परत आली.
सत्तेचाळीसाव्या पानाचा समास स्वच्छ,
शिवणीत खोडरबराचा चुरा.
पण माझा हात जड आहे,
बाप म्हणायचा, पोरी, कागद फाडशील.
खालच्या पानावर बोट फिरवलं
की दहा वीस अजून लागतं बोटाला.

ते पान मी चेंगेला नेऊन दिलं.
तिनं ते दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं,
मग विचारलं, "तेव्हा वर का नाही आलात?"
खळग्याला शिडी आहे. चार पायऱ्यांची.
मी काही बोलले नाही.
पान वकिलाकडे आहे. पुढचं ठाऊक नाही.

परवा विदोरचा सत्कार झाला.
हौसेनं स्वतःच उभा राहिला, म्हाताऱ्या सेनापतीच्या भूमिकेत,
आणि तिसऱ्या अंकात वाक्य विसरला.
रबरी तळ खळग्याच्या काठाशी आले.
वाक्य होतं: "मला सगळं आठवतं."
माझ्या जिभेवर होतं.
मी दिव्याची वात पाहावी तशी बल्बकडे पाहत राहिले.
एक. दोन.
तीन.

चारला सिलार्द पुढे सरकला.
"तुला तर सगळं आठवतं, सेनापती,"
म्हणत त्यानं ते वाक्य अलगद त्याच्या तोंडात ठेवलं.
तिहामेर मोठ्यानं हसला, संहितेत नसलेलं हसू.
प्रेक्षकांना वाटलं, काय विराम घेतला!
टाळ्या थांबेनात.

खालून मला सहा बूट दिसत होते,
इतके चिकटून
की मधून कागदही सरकला नसता.