सही जुळत नाही

सोहारच्या एक्स्चेंजमध्ये
काचेपलीकडचा पोरगा म्हणतो,
अंकल, सही जुळत नाही.
इसाकमामू पुन्हा लिहितात. सर्गुरोह
मुंगीएवढं होत होत
मधेच विझतं.

एकवीस वर्षं खजुरांवर फवारणी.

मी लॅबमध्ये पाहते ते असं:
रेणू येतो तेव्हा गरीबच असतो.
शेजारच्या पेशीतलं एक विकर
त्याच्यावर शिक्का मारतं,
मग तो विष होतो,
इकामा दाखवून आत शिरतो,
थेट जनरेटरच्या खोलीत.
दिवे एकदम जात नाहीत.

फवाऱ्यानंच झालं का गो?
खात्रीनं नाही सांगता येत, मामू.

थरथरता हात त्यांनी
दुसऱ्या हाताखाली धरला,
पिशवीतल्या मांजरासारखा,
आणि काचेला विचारलं:
अंगठा चालेल?