ठण्

"आवाज कसा येतो?" परकार विचारतात.
मी म्हणते, खट्.
"खट् कसा? कडी लावल्यासारखा,
की नारळ आपटल्यासारखा?"
त्यांचा डावा कान दारूखान्यातल्या घणांनी खाल्ला,
शेजारी पंचवीस वर्षं जहाजं तुटत होती.
उजवा, म्हणतात, घरच्यांसाठी राखून ठेवलाय.
म्हणून माझी जीप
त्यांना माझ्या तोंडून ऐकायची असते.

मी आठवते.
भांडुपच्या मिठागरात, पुढची चाकंही जोडून
चिखलातून निघताना, काही नाही.
ओढत असते तोवर काहीच नाही.
पण क्लच सोडला, की एकदा.
पाय उचलला, की एकदा.
रिव्हर्समधून पहिल्यात आले की मोठ्यानं,
खालून कुणी पत्र्यावर बुक्की मारावी तसा.

"धप्प असेल तर रबर. गिअरबॉक्सचं फाउंडेशन बसलं.
वळताना कट्-कट् असेल तर पुढच्या चाकाचा जॉइंट.
ठण् असेल तर मागचा शाफ्ट,
तो आतून पोकळ, जरा हललं की घंटेसारखा बोलतो.
नीट सांगा बाई.
चुकीचं सांगाल तर मी चुकीचं उघडीन,
आणि उघडायचे पैसे लागतात."

रे रोडच्या फुटपाथवर उभी राहून
मी धड् म्हणून बघते. ठक् म्हणून बघते.
भंगाराची हातगाडी थांबते.
तौसीफ पाना तोंडावर धरून हसतो.
बी.ए.ला मराठीत बासष्ट मार्क होते मला,
असा पेपर कुणी काढला नव्हता.

"ठण्," मी म्हणते शेवटी. "पण शेपटी आखूड."

परकार काही न बोलता गोणपाट पसरतात.
चाकांना विटा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली.
मीही आडवी होते शेजारी, साडीचा विचार न करता.
तौसीफ शाफ्ट धरून इकडे पिळतो, तिकडे पिळतो,
आणि परकारांचा अंगठा क्रॉसच्या टोपीवर,
वैद्यानं नाडीवर ठेवावा तसा.
"इथं ठेवा बोट. कळतंय?"
कळतं. केसाएवढं, पण कळतं.
एक बाजू आधी निघते, दुसरी मागून येते,
आणि मधल्या त्या उशिराचा आवाज होतो.

टोपीभोवती गेरूसारखी लाल पूड.
ग्रीस संपलं की आतल्या सुया गंजतात,
गंजल्या की पीठ होतात.
परकार बोट जिभेला लावतात.
"खारट. तुमचंच मीठ."

नवा क्रॉस, सर्कलिपा, ग्रीसचे सहा पंप.
कॉटन ग्रीनपर्यंत जाऊन आलो,
रस्त्यात रुतलेल्या गोदीच्या जुन्या रुळांवरून मुद्दाम.
ठण् गेला.
आणि तो गेल्यावर त्याच्याखालचा ऐकू आला.
बारीक.
टुक्.

मी गाडी थांबवली. परकारांना ऐकू आलंच नव्हतं,
पण त्यांनी माझा चेहरा बघितला.
"कसा?"
"टुक्."
"खात्री?"
"टुक्."
"मग क्राउन-पिनियन. दात झिजलेत, मधे जागा पडलीय."
"काढून टाका."
"काढतो की. हौसिंग उघडून, शिम घालून घट्ट बसवतो.
पण जुने दात नव्या जागी चावले
की चाळीसच्या पुढे रडायला लागतात.
हुंऽऽ करत, घरापर्यंत.
टुक् बरा. टुक् किती वर्षं चालेल, सांगू?"
सांगितलं नाही. बिल लिहायला घेतलं,
सिगारेटच्या खोक्याच्या मागे:
क्रॉस एक. ग्रीस. मजुरी.
शेवटच्या ओळीत 'टुक्', आणि पुढे शून्य.

घाटकोपरच्या सिग्नलला पाय उचलला.
टुक्.
मीही म्हणाले, टुक्.
शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून विचारलं,
"मला काही म्हणालात?"